तीन घरं पुढे

प्रिय सुसाट,

नववा मासा जाळीने उचलून मी वर्तमानपत्रावर ठेवला आणि डबा तिरपा करून पाहिला. आणखी नव्हते. ते घेऊन आलेली पोरगी काउंटरला हनुवटी टेकवून उभी होती. मागे तिची आई, आईच्या हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारा तुझ्या खेळाचा निळा खोका. मेलेले मासे डब्यात घालून दुकानात आणणारी गिऱ्हाइकं कमी. बहुतेक जण ते संडासात ओतून मोकळे होतात आणि आठ दिवसांनी नवे न्यायला येतात, जणू काही झालंच नाही. हिला कारण हवं होतं. काय केलं होतंस, असं मी विचारलं. तिने नीट, क्रमाने सांगितलं. रविवारी मासे बादलीत काढले. टाकी रिकामी केली. काच, खडी, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली घासून धुतलं. नळाच्या पाण्याने टाकी भरली, मासे परत सोडले. सोमवारी दोन गेले, काल बाकीचे. मग तिने फ्रॉकच्या खिशातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर एक हसरी टाकी, आणि खाली तुझं अक्षर, जे मी कुठेही ओळखीन: सगळं पाणी बदललंत, टाकी लख्ख, शाबास! तीन घरं पुढे.

"मग मी पुढे का नाही गेले?" तिने विचारलं.

मी तिला खरं ते सांगितलं. तू पाणी बदललंस म्हणून मेले, असं सांगितलं. तिच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. अहो, लहान मुलीला असं तोंडावर सांगतात का, म्हणाली. मी म्हटलं, मासे तिचे आहेत, मग कुणाच्या तोंडावर सांगू. पोरगी रडली नाही. आता काय करायचं, एवढंच विचारलं. टाकीला हात लावू नकोस, आत खायला काही टाकू नकोस, फिल्टर चालू ठेव आणि उद्या सकाळी ये, असं सांगून मी दोघींना वाटेला लावलं. दारावरची पाटी उलटी केली. दुपारचे तीन वाजलेत, हे दुकान या वेळेला कधी बंद नसतं. मासे अजून कागदावर आहेत आणि मी त्यांच्या शेजारी वही ठेवून तुला लिहिते आहे. फोन करणार नाही. फोनवर तू मला हसवतोस आणि माझं म्हणणं राहून जातं.

तुझा खोका तीन आठवडे काउंटरखाली पडून होता. उघडला नव्हता. त्याबद्दल तू रागावशील तर रागाव, पण आज पाळी माझी आहे. पोरगी गेल्यावर उघडला. आत पट, फासे, प्लॅस्टिकचे मासे, कार्डांची गड्डी, तुझी चिठ्ठी आणि कंपनीचा कागद. चिठ्ठीत तू लिहिलंयस की पहिली आवृत्ती थोड्याच शाळांत बक्षीस म्हणून गेली, आता दुसरी सगळ्या शाळांत जाणार आहे, आणि त्या खोक्यावर माझं नाव, दुकानाचं नाव आणि त्याखाली 'तज्ज्ञांनी तपासलेलं' असं छापायचं आहे. ताई, तुझ्या एका सहीवर सगळं अडलंय, लिहिलंयस. तुझ्या कंपनीच्या माणसाचे तीन फोन आले. गोड बोलतो. दर वाक्याला मॅडम म्हणतो. उद्या दहा वाजता सही न्यायला येणार आहे. मी दहावीनंतर शाळेची पायरी चढले नाही आणि आता सगळ्या शाळांना मी तज्ज्ञ म्हणून हवी आहे.

मला हेही कळतं की सही केली नाही तर तुझा खेळ थांबतो. इतकी वर्षं तू दुसऱ्यांच्या खेळांना चित्रं काढलीस, पोपट काढलेस, गणिताचे आकडे काढलेस, आगगाडीचे डबे काढलेस. हा तुझा स्वतःचा पहिला. चिठ्ठीवरून दिसतं, तू किती खूश आहेस. अक्षर उड्या मारतंय. म्हणूनच माझा जास्त संताप होतो आहे. चुकीची गोष्ट तू इतक्या आनंदाने लिहावीस.

बाबा पाण्याला जुनं आणि नवं म्हणायचे. नवं पाणी दिसायला काचेसारखं असतं आणि मासा त्यात मरतो. माशाची घाण पाण्यातच राहते, ती त्याला विष असते. ती खाऊन पचवणारे जीव इतके बारीक असतात की दिसत नाहीत. ते स्पंजात राहतात, खडीच्या फटींत राहतात. त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो आणि ती उठवायला पाच मिनिटं पुरतात. नळाखाली स्पंज चोळला की संपलं. वर नळाच्या पाण्यातलं औषध माशाचे कल्ले जाळतं ते वेगळंच. म्हणून आठवड्याला पाव टाकी पाणी काढायचं, तेवढंच घालायचं, तेही दिवसभर बादलीत उघडं ठेवलेलं. आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. झालं. यात तज्ज्ञ कुठे आला? हे माझ्या दुकानात फरशी पुसायला येणाऱ्या बाईंना माहीत आहे. त्या बादली उचलताना मला विचारतात, हे जुनं आहे की नवं. आणि शोभेच्या माशांच्या दुकानात जन्मलेला माणूस छापून सांगतो, सगळं पाणी बदललंत, शाबास.

तू म्हणशील, मी तिथे राहिलोच कुठे. खरं आहे. सातव्या वर्षी तुला मावशीकडे शाळेला पाठवलं आणि मग तू सुटीपुरता यायचास. आलास की बाबा खेळ काढायचे. त्यांचा खेळ थर्मोकोलच्या झाकणावर होता, माशांचा माल यायचा त्या खोक्याच्या. बॉलपेनने दाबून आखलेली घरं, एकही रेघ सरळ नाही. सोंगट्या म्हणजे टाकीतली रंगीत खडी, तुझा खडा लाल, माझा काळा, बाबांचा पांढरा. पहिल्या सहा घरांत फासाच टाकायचा नाही. एक डाव, एक घर. पाणी भरलं, थांबा. आज नुसतं बघा. पाणी गढूळ झालं, हात लावू नका. अजून थांबा. तू गुडघ्यांवर उभा राहून नाचायचास, मासा कधी, मासा कधी, आणि बाबा म्हणायचे, आला आमचा सुसाट. सातव्या घरात पहिला मासा मिळायचा. एकच. साधा. तो मिळाला की तू आरोळी ठोकायचास आणि दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं.

तुझ्या पटावर पहिल्याच घरात सहा मासे मिळतात. मागे फोनवर मी विचारलं होतं, थांबायची घरं ठेवलीस ना. आठवतं? तू हसलास. ताई, सहा डाव मासाच नाही, असा खेळ कोण खेळेल, म्हणालास. कंपनीच्या लोकांनी मुलांवर करून पाहिलं म्हणे, मुलांना कंटाळा येतो. मी तेव्हा विषय बदलला. आज सांगते. आपण खेळलो. तू खेळलास. तुझ्याइतका उतावळा पोरगा मी दुकानात तीस वर्षांत पाहिला नाही, आणि तूही ती सहा घरं थांबलास, कारण बाबा समोर बसले होते आणि थांबण्याला पर्याय नव्हता. कंपनीला कंटाळा येत असेल. मुलांच्या नावावर खपवू नका.

पण ते एक वेळ मी सोडलं असतं. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या कार्डाने. बाबांच्या गड्डीत एक कार्ड होतं: मासा मेला. का ते सांगा. सांगता आलं नाही तर पहिल्या घरात. सगळा खेळ त्या एका कार्डासाठी होता, असं मला नेहमी वाटत आलं आहे. बाकी सगळं खाणं घाला, काच पुसा, हवेचा पंप बघा. त्या कार्डापाशी मात्र विचार करावा लागायचा. जास्त खाऊ घातलं, आणलेल्या माशाची पिशवी टाकीत तरंगू न देता गाठ लगेच सोडली, थंडीत हीटर बंद राहिला, नवा मासा वेगळा न ठेवता सोडला. कारण सापडलं की पुढे जायचं. तुझी सगळी कार्डं मी काउंटरवर पसरली. ते नाही. त्याच्या जागी एक निळं तळं, कमळं, आणि खाली: तुमचा मासा मोठ्या तळ्यात राहायला गेला. नवा मासा घ्या.

कुठलं तळं, रे? टाकीतला मासा चालत कुठल्या तळ्यात जातो? मी ते कार्ड वाचलं आणि खोक्याचं झाकण असं आपटलं की निऑन टेट्रा माशांचा अख्खा थवा टाकीच्या मागच्या काचेला जाऊन चिकटला. वाटलं, हा अस्साच आहे. याला मेलेलं काही नको असतं. बाबा आठ महिने अंथरुणावर होते. तू तीन वेळा आलास. उशाशी बसून त्यांना हसवलंस आणि ते हसले. त्यांची पाठ मी पुसायचे, भांडं मी द्यायचे, औषधासाठी त्यांच्याशी भांडायचे मी. माझ्यासमोर ते एकदाही हसले नाहीत. तू गेलास की विचारायचे, सुसाट पोहोचला का. मी म्हणायचे, पोहोचला. मला कधी कुणी विचारलं नाही, कारण मी कुठे जातच नव्हते. तुझ्या आयुष्यात सगळे मासे मोठ्या तळ्यात राहायला जातात आणि जाळी घेऊन कागदावर ठेवायला मी आहेच. हे मी मोठ्याने बोलले. रिकाम्या दुकानात. ऐकायला कोण होतं म्हणशील तर कासव होतं.

मग तुझी चोरी रंगेहाथ पकडायची म्हणून मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून बाबांचं झाकण खाली काढलं. कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत, पण घरं वाचता येतात. कार्डं माशांच्या खाद्याच्या पत्र्याच्या डब्यात होती, बाबांनी दोरा गुंडाळून ठेवलेली. मला ते कार्ड हवं होतं. तुझ्या कार्डाशेजारी ठेवून, उद्या तुझ्या त्या गोड माणसाला दाखवायचं होतं, हे बघा, माझ्या बापाने काय लिहिलं होतं आणि माझ्या भावाने त्याचं काय केलं. दोरा सोडला. एकेक कार्ड उलटलं. ते गड्डीत नव्हतं. डब्याच्या तळाला वेगळं पडलं होतं, एक कोपरा कापलेलं. आणि ते सरळ नव्हतं. मधोमध वाकलं होतं, पन्हळीसारखं. टेबलावर ठेवलं तर हलत राहायचं.

ते का वाकलं ते मला एका क्षणात आठवलं आणि मी स्टुलावर बसले. त्याला माझ्या मांडीचा आकार आहे. कार्डं पिसायचं काम माझं होतं. कोपरा बाबांनी कापून दिला होता, बोटाला कळावा म्हणून. तू खेळायला बसलास की पिसताना मी ते बाहेर काढायचे आणि खेळ संपेपर्यंत त्याच्यावर बसून राहायचे. दर सुटीत. दर डावाला. तू मावशीकडे गेलास की मी आणि बाबा खेळायचो, तेव्हा ते परत गड्डीत जायचं. म्हणजे तू ते काढलं नाहीस. तू ते कधी पाहिलंच नाहीस. तुझ्या आठवणीत जेवढी कार्डं होती तेवढी तू घेतलीस, आणि उरलेली दोन तुझ्याकडे दुसरीकडून आली. ती कुठून आली तेही मला माहीत आहे. आता ते सांगते.

आई बुधवारी घरी येणार होती. तिचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, डॉक्टरांनी बुधवार सांगितला होता. तू सहा वर्षांचा, मी बारा. तुला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. मंगळवारी दुपारी तू त्यांची नजर चुकवून घरी आलास आणि दुकानामागच्या मधल्या खोलीतली टाकी रिकामी केलीस. खडी भांड्यांच्या पावडरीने घासलीस. आईला टाकी लख्ख दिसायला हवी होती. मी शाळेतून आले तेव्हा तू ओला, खोली ओली, आणि मासे नव्या पाण्यात भिंतीभिंतीने फिरत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी ओरडले ते फरशीसाठी. संध्याकाळी बाबा चादर न्यायला दहा मिनिटं आले. तू त्यांचं बोट धरून त्यांना टाकीपुढे उभं केलंस. त्यांनी पाहिलं, पण त्यांना काही दिसलं नाही, दोन रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता. सगळं पाणी बदललंस, शाबास, म्हणाले. तुला खांद्यावर घेतलं आणि दारापर्यंत नेलं. तुझ्या कार्डावरची ती हसरी टाकी मला आता ओळखू येते. डाव्या कोपऱ्यात तडा काढला आहेस. आपल्या टाकीला तिथेच होता.

बुधवारी सकाळी दवाखान्यातून निरोप आला. त्याच सकाळी मधल्या खोलीत सगळे मासे वर आले होते. तुझ्याहून वयाने मोठा तो गोल्डफिश, ज्याला आपण आजोबा म्हणायचो, तोही. बाबा आले, त्यांच्यामागून माणसं आली. मी बाबांची बाही धरून त्यांना आत नेलं, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. ते टाकीपुढे उभे राहिले. मग म्हणाले, "त्याला एका दिवसात दोन नाही सांगायच्या." आणि बाह्या वर केल्या. आम्ही टाकी रिकामी केली. दुकानातल्या मोठ्या टाकीतलं जुनं पाणी मी तांब्याने बादलीत भरत होते आणि बाबा बादली आत नेत होते, बाहेरच्या खोलीतून, सगळ्यांच्या पायांमधून. लोक बघत होते. बायकोपेक्षा मासे मोठे झाले याला, असं आपल्या थोरल्या काकांनी म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं, आणि ते गेले तेव्हा मी त्यांच्या दारी गेले नाही ते त्यामुळे. बाबांनी दुकानातल्या फिल्टरचा स्पंज सुरीने अर्धा कापला आणि आपल्या टाकीत बसवला. दुकानातून त्याच रंगांचे, तेवढेच मासे निवडले. आजोबांना जोड नव्हती. दुपारी काकू तुला घेऊन आल्या तेव्हा तू आधी टाकीकडे धावलास, आणि आजोबा कुठे म्हणून विचारलंस. बाबा म्हणाले, टाकी लहान पडत होती, मोठ्या तळ्यात राहायला गेला. मग त्यांनी तुला आईचं सांगितलं.

आई गेली त्या दिवशी मी रडले नाही, मी पाणी भरत होते. तुझ्यावरचा माझा राग तिथपासूनचा असेल. मला तो आजपर्यंत बाबांच्या आजारपणाचा वाटत होता, दहावीनंतर दुकानात बसावं लागलं त्याचा वाटत होता, तुझ्या हसण्याचा वाटत होता. बाबांनी पुढच्या वर्षी खेळ केला तो तुला शिकवण्यासाठी. ते कार्ड तुझ्यासाठीच लिहिलं होतं. पहिल्या दिवशी खेळायला बसलो आणि त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते कार्ड उचलून माझ्या मांडीशी सरकवलं. अजून लहान आहे, म्हणाले. पुढल्या सुटीत. दर वर्षी पुढल्या सुटीत. मग तू मोठा झालास आणि खेळ माळ्यावर गेला. तू कायम जिंकायचास. तुला वाटायचं तुला खेळ येतो. आम्ही दोघं तुला जिंकू देत होतो आणि एक गोष्ट शिकू देत नव्हतो.

उद्या दहा वाजता तुझा माणूस येईल तेव्हा कागद कोरा का, हे तुला कळायला हवं, म्हणून हे लिहायला बसले होते. अर्ध्यावर आल्यावर कळलं की कागदाचं निमित्त आहे. आज दुपारी एका परक्या पोरीने कारण विचारलं आणि मी एका दमात सांगून टाकलं, आणि तुला ते पस्तीस वर्षांत सांगितलं नाही. तर आता सांगते. ते मासे तुझ्यामुळे मेले. आई तुझ्यामुळे गेली नाही. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कशा ठेवायच्या ते बाबांना आणि मला जमलं नाही, म्हणून आम्ही एकीबद्दलही तुझ्याशी बोललो नाही, आणि तू आमचं खोटं जसंच्या तसं, रंग भरून, शाळेत वाटलंस. माझा राग गेलेला नाही. त्यातला किती तुझा, किती बाबांचा आणि किती माझा, ते मला अजून लावता येत नाही. सही मी करीन. आधी ती सहा घरं परत आण. सगळ्या पाण्याचं कार्ड काढून टाक. तळ्याचं कार्ड काढ आणि त्या जागी बाबांचं घाल, तुझ्या हाताने लिहून. मुलं कंटाळली तर कंटाळू देत. आणि एकदा इकडे ये. सुटी नसताना ये. मी कार्डं पिसणार नाही, तू पीस.

रागावलेली तरी तुझीच,
ताई

ता. क. हे सकाळी लिहिते आहे. तुझा माणूस दहाला दहा कमी असताना आला. त्याला कागद कोराच परत दिला. बाबांचं झाकण कापडात गुंडाळलं आहे, कार्डांचा डबा सोबत आहे, वाकलेलं कार्ड सगळ्यांत वर. हे पाकीट चिकटवलं की तिन्ही गोष्टी त्याच्याबरोबर पाठवते आहे. तो बाकावर बसला असतानाच कालची पोरगी आईबरोबर आली. तिला मासे दिले नाहीत. मधल्या खोलीतल्या टाकीचा स्पंज अर्धा कापला आणि ओलाच पिशवीत घालून दिला. पावडर वगैरे लावू नकोस, घरी जाऊन लगेच फिल्टरमध्ये बसव, आता स्पंजातले जीव जगावेत म्हणून टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाक आणि थांब, असं सांगितलं. मासे कधी, तिने विचारलं. महिन्याने, मी म्हटलं. ती बरं म्हणाली आणि पिशवी दोन्ही हातांत धरून गेली.